कुलूप कंपनीचे, दोष मिस्त्रीचा

"कॅमेरा गल्लीतल्या दुकानात दिलात? मग तो गेलाच म्हणून समजा."

गेल्या देवदिवाळीला आमच्या काशीतल्या दुर्गाघाटच्या घरी उतरलेल्या एका आप्तांनी हे ऐकवले, तेव्हा तो 'गेलेला' कॅमेरा माझ्या गळ्यात होता आणि शेजारच्या पंचगंगा घाटावर अहिल्याबाई होळकरांच्या हजाऱ्यावर, म्हणजे हजार दिव्यांच्या दीपस्तंभावर, दिवे लागायला घटकाभर अवकाश होता. आप्त पुण्याचे, पेशाने अभियंते, स्वतः चांगले फोटो काढणारे. घरात त्यांच्या शब्दाला वजन आहे. म्हणून मी त्या क्षणी वाद घातला नाही; खाली जाऊन दिवे टिपले. पण हे मत त्यांच्या एकट्याचे असते तर कागद काळा करायचे कारण नव्हते. कॅमेरा, घड्याळ, मिक्सर, काहीही बिघडले की सुशिक्षित मराठी घरांत आता हेच बोलले जाते. त्याची तपासणी कधीतरी व्हायला हवी.

आधी त्यांचे म्हणणे त्यांच्याच बाजूने मांडतो. त्यांचे आक्षेप चार. पहिला: गल्लीतला मिस्त्री शिकलेला नसतो, अंदाजाने स्क्रू फिरवतो. दुसरा: त्याच्याकडचे सुटे भाग नकली किंवा दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढलेले. तिसरा: काही बिनसले तर दाद कोणाकडे मागणार? दुकानदार तर नुसता मधला माणूस, काम भलताच कोणी करतो. चौथा: एवढा खटाटोप कशाला, थोडे पैसे घालून नवाच घ्यावा. चारही आक्षेप पोकळ नाहीत. प्रत्येकात सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच ते पसरतात.

आता हकीकत. दुर्गाघाट हा पंचगंगा आणि ब्रह्माघाट यांच्यामधला. नारायण दीक्षित पाटणकरांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, या गल्ल्यांत मराठी ऐकू येते. इथेच ब्रह्मचारिणीचे देऊळ आहे आणि नवरात्राच्या दुसऱ्या माळेला दर्शनाची रांग गल्ल्यागल्ल्यांतून वळत जाते. त्या रांगेचे फोटो काढताना माझा कॅमेरा अडला. अडला तोही विचित्र. लेन्सचे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवले की फोटो निघे. दिव्याभोवती किरण उमटावेत म्हणून अ‍ॅपर्चर लहान केले की पडद्यावर बिघाडाचा संदेश येई आणि कॅमेरा ठप्प. बॅटरी काढून घालावी, पुन्हा तेच.

शिष्टाचाराप्रमाणे मी आधी अधिकृत वाटेनेच गेलो. शहरातल्या संकलन केंद्राने कॅमेरा घेतला, दिल्लीला पाठवला, बाराव्या दिवशी एस्टिमेट आले. लेन्सचा आतला अख्खा संच बदलावा लागेल. रक्कम अशी, की तीत थोडी भर घातली तर तशीच लेन्स नवी येते. मी विचारले, नेमके बिघडले काय? उत्तर आले, संच. संचातले काय? पुन्हा, संच. तपासणीचे शुल्क भरून मी कॅमेरा परत आणला. त्या कंपनीचे नाव मी इथे घेत नाही. तक्रार एका कंपनीची नाहीच, चालीची आहे.

मग गल्लीच्या तोंडाशी पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स करणारा स्टुडिओवाला आहे, त्याच्याकडे गेलो. तो स्वतः कॅमेरा उघडत नाही आणि उघडतो असे सांगतही नाही. त्याने बॉडीचा आणि लेन्सचा नंबर पर्चीवर उतरवला, कार्ड आणि बॅटरी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "उस्ताद को दिखा देते हैं गुरू, खोलने से पहले दाम बता देंगे." मला राहवेना. मी त्याच्या मागोमाग निघालो. चौखंभा ओलांडून ठठेरी बाजारात, एका भांड्यांच्या दुकानावर, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला मागे सरकावे लागेल असा जिना. वर एक खिडकी, एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला भिंग लावलेले वयस्क उस्ताद.

त्यांनी कॅमेरा उघडला नाही. आधी लेन्स पूर्ण उघडी ठेवून एक फोटो घेतला. मग अ‍ॅपर्चर लहान करून झूमच्या तीन जागांवर तीन घेतले. एका टोकाला फोटो निघाला, मध्ये अडला, दुसऱ्या टोकाला अडला. पाच मिनिटेही झाली नसतील. "फ्लेक्स कटा है. बॉडी में कुछ नहीं है." झूम फिरवताना लेन्सच्या आत एक कागदासारखी पातळ पट्टी दुमडते आणि उलगडते, तिच्यावर तांब्याच्या केसाएवढ्या रेघा असतात आणि त्यांतून अ‍ॅपर्चरला हुकूम जातो. हजारो वेळा दुमडली की ती पट्टी एका घडीवर चिरते. अ‍ॅपर्चर उघडेच ठेवायचे असेल तर हुकमाची गरज पडत नाही, म्हणून तेव्हा फोटो निघतो. संपूर्ण रोग एवढाच. पट्टी दिल्लीच्या चांदणी चौकातल्या कुचा चौधरीतून मागवली. चौथ्या दिवशी लेन्स चालू. खर्च कंपनीच्या आकड्याच्या चौथाईहून कमी. जुनी पट्टी उस्तादांनी काडेपेटीत घालून दिली. ती माझ्याकडे आहे.

आप्तांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "नशीब तुमचे." म्हणजे कंपनीने बरे केले तर शास्त्र, आणि उस्तादाने बरे केले तर नशीब! माझा वाद इथून सुरू होतो.

पहिला आक्षेप शिक्षणाचा. अधिकृत केंद्रातल्या मुलाकडे प्रशिक्षणाचा दाखला असतो, मॅन्युअल असते, संगणकावर जुळवणी करायचे सॉफ्टवेअर असते. हे सगळे खरे, आणि उपयोगाचेही. पण त्या मुलाला बारा दिवसांत जे सांगता आले नाही ते उस्तादांनी पाच मिनिटांत सांगितले, याचे काय? मुलगा मूर्ख नव्हता. त्याला रोग शोधायला सांगितलेलेच नाही. कोणता संच बदलायचा एवढेच सांगितले आहे. बदलणे आणि दुरुस्त करणे ही दोन निराळी क्रियापदे आहेत, आणि कंपन्यांनी पहिल्याला दुसऱ्याचे नाव दिले आहे.

'अंदाजाने स्क्रू फिरवतात' हे वाक्य तर ज्याने ते टेबल पाहिले नाही त्यानेच म्हणावे. जपानी कॅमेऱ्यांतले फुलीचे स्क्रू दिसायला नेहमीच्या फिलिप्स स्क्रूसारखे, पण त्यांची फुली जपानी मानकाची. साधा पेचकस लावला की डोके झिजते आणि तो स्क्रू पुन्हा निघत नाही. उस्तादांकडे त्या मापाचे पेचकस वेगळ्या कापडात गुंडाळलेले होते. निघालेला प्रत्येक स्क्रू कागदावर काढलेल्या चित्रात, जिथून निघाला त्याच जागी चिकटपट्टीने लावलेला. फ्लॅशच्या कॅमेऱ्याला हात लावण्याआधी ते कपॅसिटर रिकामा करत होते, कारण बॅटरी काढली तरी त्यात तीनशे व्होल्टच्या घरात दाब साठलेला राहू शकतो. हे कोणत्या संस्थेत शिकलात, असे मी विचारले नाही. ज्याला असा झटका एकदा बसला त्याला संस्था लागत नाही.

आणि आपण मराठी माणसांनी तरी हा आक्षेप घेऊ नये. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा मागवला. कॅमेऱ्याबरोबर जोडणीचा आराखडा आला होता. तो समोर ठेवून त्यांनी चार दिवसांत घरीच सगळे जमवले. फिल्म तेव्हा कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोके पाडायचे यंत्र चालवायला त्यांनी घरच्यांना शिकवले आणि सरस्वतीबाईंनी ते काम अंधारात बसून केले. फाळक्यांकडे तरी कलेचे आणि छपाईचे रीतसर शिक्षण होते. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींकडे, म्हणजे बाबूराव पेंटरांकडे, तेही नव्हते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी आनंदराव पेंटर यांनी सिनेमाच्या वेडाने यंत्रे खोलून पाहायला सुरुवात केली. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी काम सोडले नाही आणि १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात देशी कॅमेरा उभा केला. त्यांचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० मध्ये लोकांपुढे आला. त्या वेळी कोणी त्यांना म्हटले असते की हे अनधिकृत आहे, हात लावू नका, तर मराठी चित्रपटाचा इतिहास कसा लिहिला गेला असता? ज्या हातांना आपण कलामहर्षी म्हणतो त्यांची जात आणि ठठेरी बाजारातल्या जिन्यावरच्या हातांची जात एकच आहे.

फाळक्यांची गोष्ट इथे निव्वळ अभिमानासाठी काढलेली नाही. हिंदुस्थान फिल्म कंपनीतून बाहेर पडून ते पुढे काशीलाच आले होते आणि 'रंगभूमी' हे नाटक त्यांनी इथे लिहिले, म्हणून ते आम्हा काशीकरांना थोडे जवळचे. पण मुद्दा त्या आराखड्याचा आहे. १९१२ मध्ये यंत्र विकणारा यंत्राच्या पोटातले चित्र बरोबर देत होता. आज माझ्या कॅमेऱ्याबरोबर जाडजूड पुस्तिका आली. तिच्यात कॅमेरा पाण्यात टाकू नये, उन्हात ठेवू नये, स्वतः उघडू नये हे सगळे आहे. पोटातले चित्र नाही. शंभर वर्षांत यंत्र सुधारले आणि आराखडा गायब झाला.

यातूनच दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर येते. नकली भाग वापरतात, म्हणे. वापरतात, काही ठिकाणी. पण अस्सल भाग विकायला नकार कोण देतो? निकॉनने अमेरिकेत २०१२ मध्ये स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग विकणे थांबवले. ज्या थोड्या दुकानांना अधिकृत म्हणून मान्यता होती, त्यांचा कार्यक्रमही ३१ मार्च २०२० ला गुंडाळला. ही गोष्ट ठठेरी बाजाराची नाही, जगातल्या सगळ्यात श्रीमंत बाजाराची आहे. तिथल्या दुकानदारांची ही गत, तर आमच्या उस्तादांना कोण विचारतो? मग ते मेलेल्या कॅमेऱ्यांतून भाग काढतात. आप्त त्याला हलकेपणा म्हणतात. मी त्याला काटकसर म्हणतो. पाण्यात पडून बॉडी मेली तरी तिच्या शटरला काही झालेले नसू शकते. ते दुसऱ्या बॉडीत बसवले तर त्यात नकली काय? कंपनीनेच बनवलेले, कंपनीच्याच यंत्रात गेले.

आपल्या देशात हा प्रश्न एकदा मोठ्या दालनात तपासला गेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण असे, की या कंपन्या अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नव्हत्या आणि बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी जाईल असा धाक घालत होत्या. प्रकरण पुढे अपिलात गेले, तो भाग निराळा. कंपन्यांचा बचाव लक्षात ठेवण्यासारखा होता: बाहेरच्या गॅरेजवाल्याकडे कौशल्य नाही, गिऱ्हाइकाच्या सुरक्षेसाठीच आम्ही हे करतो. आयोगाने तो मानला नाही. आप्तांचा पहिला आणि दुसरा आक्षेप मिळून नेमका हाच बचाव होतो. कंपनीच्या वकिलांनी पैसे घेऊन मांडलेला युक्तिवाद आपण चहाबरोबर फुकट मांडतो आहोत.

तिसरा आक्षेप जबाबदारीचा, आणि तो सगळ्यांत वजनदार वाटतो. दुकानदार मधला माणूस. काम कोण करतो ठाऊक नाही. बिघडले तर कोणाला धरायचे? मी उलट विचारतो: अधिकृत केंद्रात मी कोणाला धरले होते? खिडकीवरच्या मुलाने फॉर्म भरला. दिल्लीत कोणी उघडला, त्याचे नाव नाही. एस्टिमेट ज्या पत्त्यावरून आले त्यावर उत्तर पाठवता येत नव्हते. दूरध्वनीवर दर वेळी नवा आवाज, आणि दर वेळी कहाणी पहिल्यापासून. मधली माणसे तिथेही होतीच, फक्त त्यांना चेहरा नव्हता.

स्टुडिओवाला मधला माणूस आहे, हे त्याचे वैगुण्य नसून त्याचे कामच ते आहे. उस्ताद जिन्यावरून खाली उतरत नाहीत, गिऱ्हाइकांशी गोड बोलणे त्यांना जमत नाही, पावती तर ते आयुष्यात लिहिणार नाहीत. दुकानदार त्यांच्यासाठी दार आहे आणि माझ्यासाठी जामीन. त्याचे दुकान, त्याचे घर आणि त्याच्या मुलांची शाळा याच गल्लीत. माझा कॅमेरा त्याने बुडवला तर संध्याकाळपर्यंत ब्रह्माघाटापासून पंचगंगेपर्यंत सगळ्यांना कळेल, आणि पुढच्या लगीनसराईत त्याच्याकडे कोणी अल्बम टाकणार नाही. ही वॉरंटी कुठल्याही कार्डावर छापलेली नाही, पण ती वर्षाने संपतही नाही.

कायद्याचे म्हणाल तर तोही त्याला सुटू देत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे घेऊन सेवा दिली आणि तीत कसूर झाली तर जिल्हा आयोगात तक्रार करता येते, मग सेवा देणारा बहुराष्ट्रीय असो की गल्लीतला. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक दोघांनाही सारखाच लागू. मात्र त्यासाठी हातात कागद हवा. कच्च्या पर्चीवर तीनशे रुपये वाचवायचे आणि मग दाद कुठे मागू म्हणून रडायचे, हे चालणार नाही. पक्के बिल द्यायची लाज दुकानदाराला नसते. बहुतेक वेळा ते मागायची लाज गिऱ्हाइकालाच असते.

चौथा आक्षेप, नवाच घ्या, हा खरे तर आक्षेप नाही. तो कंटाळा आहे. पण त्याच्या मागे एक हिशेब आहे, तो पाहू. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये ७७ लाखांच्या आसपास. मोबाइलने साधा कॅमेरा खाल्ला. जो धंदा एवढा आटला तो सेवा केंद्रे वाढवणार नाही, कमीच करणार; जुन्या मॉडेलचे भाग साठवून ठेवणार नाही, तर थोडे महागडे कॅमेरे थोड्या लोकांना विकणार. म्हणजे कपाटांत, गळ्यांत, दुकानांत असलेले ते कोट्यवधी जुने कॅमेरे यापुढे कोणी जिवंत ठेवायचे असतील तर ते जिन्यावरचे उस्तादच ठेवतील. दुसरे कोणी उरणार नाही.

आणि 'नवा घ्या' हे कोणाला सांगायचे? माझा कॅमेरा हौसेचा आहे. पण दशाश्वमेध घाटावर आणि होड्यांवर यात्रेकरूंचे फोटो काढून तिथल्या तिथे प्रिंट देणारी मुले आहेत. त्यांचा कॅमेरा पाचव्या हातातून आलेला, बटणांवरचे आकडे पुसलेले, पट्ट्याच्या जागी दोरी. तो बंद पडला की त्या दिवशीची चूल बंद. त्यांना बारा दिवस थांबून एस्टिमेट घ्यायला सांगणे म्हणजे भुकेल्याला पंचांग दाखवणे. उस्तादांच्या टेबलावर माझ्या लेन्सच्या शेजारी असे तीन कॅमेरे होते. ते माझ्याआधी झाले, आणि ते योग्यच होते.

आता आप्तांचे देणे फेडतो. ते जिथे बरोबर आहेत तिथे स्पष्ट म्हणायला हवे. वॉरंटीतला कॅमेरा गल्लीत नेऊ नये. जे फुकट मिळायचे त्याचे पैसे देण्यात शहाणपण नाही. सेन्सरचे काम, स्वयंचलित फोकसची बारीक जुळवणी, पाणी न शिरणाऱ्या बॉडीची सील पुन्हा बसवणे, या कामांना जी साधने आणि जे सॉफ्टवेअर लागते ते गल्लीत नसते, आणि 'हो जाएगा' म्हणणाऱ्याकडून तेव्हा कॅमेरा उचलून घ्यावा. आमच्या उस्तादांनी माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला नाही म्हटले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. नाही म्हणता येणे हीच कारागिराची पदवी. ज्याला काहीच अशक्य नाही असा मिस्त्री दिसला तर पळ काढा. अशांनीच या धंद्याचे नाव घालवले आहे. चांगली लेन्स काढून घेऊन घासलेली बसवणारे, गंगेच्या दमटपणाने आलेली बुरशी पुसताना काचेवरचे कोटिंगही पुसून टाकणारे मीही पाहिले आहेत.

पण त्यावर उपाय दुकान बंद करणे हा नव्हे. उपाय गिऱ्हाइकाच्या हातात आहे आणि त्याला शास्त्र लागत नाही. देताना बॉडी आणि लेन्स, दोन्हींचे नंबर पावतीवर घ्यावेत. कार्ड आणि बॅटरी आपल्याकडे ठेवावी. बिघाड कधी होतो आणि कधी होत नाही हे लिहून द्यावे; डॉक्टरला नुसते 'बरे वाटत नाही' सांगून भागत नाही. उघडण्याआधी दाम ठरवावे. काढलेला भाग परत मागावा. परत घेताना अ‍ॅपर्चर उघडे आणि मिटलेले, झूमच्या दोन्ही टोकांना, जवळ आणि दूर, असे फोटो दुकानातच काढून पाहावेत, आणि महिनाभराची हमी बिलावर लिहून घ्यावी. एवढे करणाऱ्या गिऱ्हाइकाला फसवणे अवघड. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, जो दुकानदार हे सगळे न कुरकुरता करतो त्याचे नाव दहा जणांना सांगावे. वाईट अनुभव आपण शंभर जणांना सांगतो. चांगला मात्र नशिबाच्या खात्यात जमा करतो.

सरकारनेही या दिशेने पाऊल टाकले आहे, अर्धे. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहने अशी चार क्षेत्रे त्यात धरली. कॅमेऱ्याचे क्षेत्र म्हणून नाव नाही. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर त्या किती दुरुस्त करता येतात याचे गुण छापावे लागतात. तिथेही सुरुवात फोन, लॅपटॉप, टीव्ही, धुलाई यंत्र आणि गवत कापायच्या यंत्रापासून झाली, कॅमेरा राहिलाच. आपल्याकडे असे गुण कसे द्यावेत हे ठरवण्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरी समिती नेमली गेली. पोर्टल असणे चांगले. पण त्यावर कंपनी आपल्याच केंद्राचा पत्ता आणि आपल्याच मदत क्रमांकाची जोड देऊन मोकळी होत असेल तर तो हक्क कसला? ते फक्त कुलपाचे चित्र झाले. हक्क तेव्हा म्हणावा, जेव्हा ठठेरी बाजारातला उस्ताद भागाचा क्रमांक लिहून पैसे भरेल आणि तो भाग त्याला टपालाने येईल, आराखड्यासकट.

म्हणून आप्तांना, आणि त्यांच्यासारखे बोलणाऱ्या सगळ्यांना, माझी एवढीच विनंती. काडेपेटीतली ती पट्टी अजून माझ्या टेबलावर आहे. भिंगाखाली धरली की घडीवरची चीर स्वच्छ दिसते, आणि चिरेच्या शेजारी कंपनीने छापलेला क्रमांकही. तुम्ही पुण्याचे, अभियंते, ओळखीपाळखीचे. तो क्रमांक लिहून घ्या, अधिकृत केंद्रात जा आणि म्हणा, ही एवढी पट्टी मला विकत द्या, मी बसवून घेतो. दिली तर मी माझे सगळे शब्द मागे घेईन. नाही दिली, तर पुढच्या देवदिवाळीला या. उस्तादांचा जिना मी दाखवतो.